रांगतं बाळ आणि घरची फरशी: पुसायला-धुवायला तुम्ही घरी काय करता?

ओवीची_आई | ३ मार्च, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

लेक अकरा महिन्यांची झालीय आणि आमचं सगळं घर जमिनीवर उतरलंय. सांडलेला कुरमुरा वेचून तोंडात, फरशीवर थापट्या मारून तोच हात तोंडात. परवा तर खिडकीतून पडलेला उन्हाचा कवडसा जिभेने चाटत होती! त्याच सकाळी फरशी पुसायच्या पाण्यात मी दोन झाकणं फिनेल घातलं होतं. तिला उचलून तोंड धुतलं, पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात महिनाभर मांडीच्या घडीत पुरळ येतंय. डॉक्टर म्हणाले, आधी कपड्यांची पावडर बदलून बघा.

सासूबाई म्हणतात रिठे आण. बहीण म्हणते सोडा आणि व्हिनेगर, बाकी काही लागत नाही. नवऱ्याचं म्हणणं, गरम पाण्याने भागतं. मला फरशी, बाळाचे कपडे, तिची वाटी-चमचा आणि बाथरूम यांसाठी घरी करता येईल असं काहीतरी हवंय. आम्ही पुण्यात राहतो, इमारतीला बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी. हॉलमध्ये साध्या टाइल्स, ओटा काळ्या कडप्प्याचा. नुसतं वाचलेलं नको, स्वतः करून पाहिलेलं सांगा.

सुगंधाकाकू_वाई | ३ मार्च, दुपारी १२:४०

ओवीच्या आई, सासूबाईंचं ऐक. माझी दोन्ही मुलं आणि आता नातू, तिघांची दुपटी-लंगोट रिठ्याच्याच पाण्यात धुतली.

रिठे आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात घे. आपल्याकडचा रिठा तीन फळं एकमेकांना चिकटल्यासारखा असतो, उत्तरेकडून येतो तो एकेकटा गोल. दोन्ही चालतात. बत्त्याने एक ठोसा दिला की आतली काळी बी टण्णकन उडते. ती तेव्हाच गोळा कर, रांगत्या बाळाच्या घशात अडकेल अशीच असते ती. शंभर ग्रॅम सालं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजव. सकाळी मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळ. गार झालं की हाताने चांगलं कुस्कर, फेस बोटांवर चढला पाहिजे, आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळ. कपड्यांच्या एका बादलीला अर्धी वाटी पुरते.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. हे पाणी चार-पाच दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागेल तसे खडे काढते. दुसरं, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं. कुस्करताना बाळ कडेवर नको.

दुपारचा_चहा | ३ मार्च, दुपारी १:०५

नवऱ्याला माझं अनुमोदन. आमची जुळी आहेत. पहिली दोन वर्षं फरशी फक्त गरम पाणी आणि स्वच्छ धुतलेलं फडकं यांवर निघाली. फडकं मात्र रोज साबणाने धुऊन उन्हात. घाणेरडं फडकं महागातल्या औषधात बुडवून फिरवण्यात काही अर्थ नाही.

हिरवी_बाल्कनी | ३ मार्च, दुपारी ३:२२

बायोएन्झाइम करून बघा! एक भाग गूळ, तीन भाग मोसंबी-संत्री-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीत भरायचं, वर जागा ठेवायची, झाकणावर तारीख लिहायची. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तीन महिन्यांनी गाळलं की तपकिरी, आंबटगोड वासाचं पाणी मिळतं. अर्ध्या बादलीला पाव वाटी. घरातल्या साली कचऱ्यात जात नाहीत हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. शिवाय जंतूही मरतात.

अमित_नागपूर | ३ मार्च, संध्याकाळी ७:४८

'प्लास्टिकच्या बाटलीत' हे शब्द ठळक करा. गेल्या मे महिन्यात मी संत्र्याच्या साली लोणच्याच्या काचेच्या बरणीत घातल्या, झाकण घट्ट पिळलं आणि चार दिवस लग्नाला गावी गेलो. परत आलो तर स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग, भिंतीवर तपकिरी ओघळ आणि काचा पार देवघरापर्यंत. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. माझा तीन वर्षांचा मुलगा त्याच मांडणीखाली गाड्या मांडून खेळतो. आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आता करतो, पण प्लास्टिकच्या डब्यात, बाल्कनीत, आणि गावाला जायचं असलं तर झाकण सैल करूनच.

जुनी_प्रयोगशाळा | ३ मार्च, रात्री ९:३०

बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बहिणीच्या सोडा-व्हिनेगरबद्दल. दोन्ही उत्तम, पण एकत्र नकोत. खायचा सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेटचं जवळजवळ निकामी पाणी उरतं. फेस बघून डोळ्यांना समाधान मिळतं, डाग तिथेच. तेलकटपणाला सोडा वापरा. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर नळावर, बादलीवर बसतात, ते कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्याला आम्ल लागतं. व्हिनेगरपेक्षा लिंबूसत्त्व स्वस्त, वासही नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे घेऊन फडकं भिजवा, नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. तुमचा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर, हे सगळे चुन्याचे दगड. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांपैकी काहीही त्यावर पडलं की आम्ल दगडच खातं. आपण जो थर विरघळवायला निघालो, त्याच जातीचा तो दगड. मोझॅइकच्या फरशीतही संगमरवराचे तुकडे असतात, तिलाही आम्ल नको. ग्रॅनाइटला तितकी भीती नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचा किस टाका, जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ. दह्यासारखे पांढरे कण तरंगले तर जड. जड पाण्यात साधा साबण कपड्यात चिकट साका सोडतो आणि बाळाच्या पुरळाला तो साकाही कारण होऊ शकतो. रिठ्याच्या फेसाचा असा साका होत नाही, तेव्हा सुगंधाताईंचा उपाय तुमच्या टँकरच्या पाण्याला चांगला लागू पडेल.

बायोएन्झाइमने जंतू मरतात याबद्दल मात्र मी सहमत नाही. ते मळ काढतं, वास घालवतं. त्याला जंतुनाशक म्हणता येणार नाही.

ओवीची_आई | ३ मार्च, रात्री १०:१५

सर, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि ओट्याजवळ दिवा लावून पाहिलं. गॅसच्या डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा राखाडी, खरखरीत डाग आहे. गेल्या महिन्यात तिथे व्हिनेगर शिंपडून दहा मिनिटं ठेवलं होतं! मला वाटत होतं दूध उतू गेल्याचा डाग आहे, म्हणून रोज आणखी व्हिनेगर घालून घासत होते. आता काय करू?

जुनी_प्रयोगशाळा | ३ मार्च, रात्री १०:४०

पॉलिश गेलंय. ते परत पॉलिशवाल्याकडूनच येईल. तोवर खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, काळा रंग दिसू लागेल. ओटा पुसायला साबणाचं पाणी आणि वर साधं पाणी, एवढंच. लिंबू पिळताना खाली ताटली ठेवा.

बिंबल | ४ मार्च, सकाळी ८:०५

थोडं अवांतर. आमच्याकडे गोव्यात तांब्या-पितळेला बिंबलं लागतात, म्हणजे छोट्या काकडीसारखी आंबट फळं. झाडाखाली सडा पडलेला असतो. एक बिंबल दाताने तोडल्यासारखं अर्धं करायचं, मिठात बुडवायचं आणि समई घासायची. हिरवट पितळ हाताखाली पिवळं होत जातं ते बघत बसावंसं वाटतं. बिंबलं नसली तर आमसुलं भिजवून उरलेला चोथा. बाळाची पितळी वाटी असली तर करून बघा, नंतर खळखळून धुवा.

सुगंधाकाकू_वाई | ४ मार्च, सकाळी ८:३०

चिंचेला विसरू नका हो! वरणातून उरलेली चिंच आणि जाडं मीठ. आमच्या घरी दिवाळीच्या आधी सगळा देव्हारा चिंचेच्या कोळात बसतो.

दुपारचा_चहा | ४ मार्च, सकाळी ८:५२

आमच्याकडे देवांना वर्षातून एकदा पितांबरीचं अभ्यंगस्नान असतं. चिंच आमटीत जाते.

विदर्भाची_राख | ४ मार्च, सकाळी ९:२०

आणि राख? गोवरीची, लाकडाची चाळलेली राख आणि नारळाची शेंडी. तुपाची कढई एका हातात लख्ख. आई राखेवर पाणी घालून निवळी काढायची आणि त्यात चादरी भिजवायची. पण राख लाकडा-गोवरीचीच हवी. दगडी कोळशाची किंवा कचरा जाळून केलेली बाळाच्या भांड्याला लावू नका.

जुनी_प्रयोगशाळा | ४ मार्च, सकाळी ९:४५

ती निवळी म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. तेलाला तेच कापतं. हाताला मात्र चरचरतं.

गुट्टी_आणि_वेखंड | ४ मार्च, सकाळी ११:१०

मी फरशीच्या पाण्यात भीमसेनी कापूर घालते, किडे येत नाहीत. कपाटात डांबरगोळ्या. बाळाला सर्दी झाली की कापराची पुरचुंडी झबल्याला. सगळं घरचं आणि नैसर्गिक.

पाळणाघर_डॉक्टर | ४ मार्च, दुपारी २:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही, म्हणून खाते उघडून दोन वर्षांनी लिहितोय. ताई, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हे तिन्ही बंद करा. आजच.

कापूर लहान मुलाने गिळला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. पुरचुंडीची गाठ सुटते आणि मूल खडीसाखर समजून तोंडात घालतं. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर लावूही नये, हुंगवूही नये. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलिनने जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या लाल पेशी फुटतात, कावीळ होते. अशी कमतरता आपल्याकडे बऱ्याच मुलांत असते आणि बहुतेक आईवडिलांना ठाऊक नसते. कपाटात कडुनिंबाचा वाळवलेला पाला नाहीतर लवंगा ठेवा, त्याही मुलाच्या हाताबाहेर. निलगिरीचं तेल, कडुनिंबाचं तेल हेही पोटात गेलं तर बाळाला घातक. झुरळांसाठी कणकेत बोरिक पावडर घालून गोळ्या करतात, त्या रांगत्या बाळाच्या घरात नकोतच. टाकणखार म्हणजे बोरॅक्सही नको. झाडाचं आहे, घरचं आहे, म्हणून बाळाला चालेल असं नसतं.

आणि माझं खरं दुखणं बाटल्यांचं आहे. ओपीडीत विषबाधेचं मूल येतं तेव्हा मी आधी विचारतो, कशातून प्यायलं? उत्तर बहुधा एकच: थंड पेयाच्या बाटलीतून. रॉकेल, ॲसिड, फिनेल, सगळं त्याच बाटल्यांत भरलेलं. पांढरं फिनेल पाण्यात घातलं की दुधासारखं दिसतं. आता तुम्ही घरी केलेलं बायोएन्झाइम सरबतासारखं दिसणार, संत्र्याचा वास येणार आणि तेही पेयाच्याच बाटलीत! मुलाने काय समजायचं? वेगळा डबा, ठळक चिठ्ठी, उंच कडीवालं कपाट.

असं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, दूध-मीठ पाजू नका, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या नि:शुल्क क्रमांकावर २४ तास सल्ला मिळतो. फ्रिजवर लिहून ठेवा.

एरवी घर निर्जंतुक करायची गरज नाही. मळ, चिकटपणा गेला की पुरे. घरात उलट्या-जुलाब असतील तेव्हाच वेगळं: व्हिनेगर, रिठा, बायोएन्झाइम त्या विषाणूंना पुरे पडत नाहीत. आधी घाण कागदाने टिपा, साबणाने धुवा, मग एक लिटर गार पाण्यात साधारण ५ टक्क्यांच्या ब्लीचचे चार छोटे चमचे घालून पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. मिश्रण रोज ताजं.

जुनी_प्रयोगशाळा | ४ मार्च, दुपारी ३:०५

डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन, आणि एक जोड. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही आम्ल मिसळू नका. संडासच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वही त्यात आलं. बंद बाथरूममध्ये हे होणं म्हणजे जिवाशी खेळ.

गुट्टी_आणि_वेखंड | ४ मार्च, दुपारी ४:२०

डॉक्टर, पुरचुंडी काढली. डांबरगोळ्या कचऱ्यात. आमच्या घरी आजीपासून चालत आलंय, कधी कोणी सांगितलंच नाही. धुरीबद्दल काय म्हणता? शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड?

पाळणाघर_डॉक्टर | ४ मार्च, दुपारी ४:५०

धूर कशाचाही असो, तान्ह्याच्या फुप्फुसांना नको. दुपटी सुकवायची असतील तर ऊन आहे. ओवा बाळंतिणीने चघळावा. आणि मनावर घेऊन लगेच बदल केलात, त्याबद्दल मनापासून आभार.

म्युनिकमधली_मराठी | ४ मार्च, रात्री ११:५५

इथलं पाणी भयंकर जड. किटलीत आठवड्यात पांढरं कवच येतं. गंमत म्हणजे इथे साध्या सुपरमार्केटात लिंबूसत्त्व, धुण्याचा सोडा आणि साधा साबण यांची पाकिटं शेजारी-शेजारी मांडलेली असतात, बऱ्याच घरांत सफाई यांवरच चालते. मी मुलाच्या कपड्यांना सॉफ्टनर बंद करून शेवटच्या पाण्यात किंचित लिंबूसत्त्व घालते, टॉवेल मऊ राहतात. आईने पाठवलेले रिठे सुती पिशवीत बांधून मशीनमध्ये टाकते, पाच-सहा सालं. गार पाण्यात काम करत नाहीत, ४० अंशांवर छान.

रंगीत_दुपटं | ५ मार्च, सकाळी ९:१५

रिठ्याने वरणाचा पिवळा डाग जात नाही, आधीच सांगते. साबण लावला तर तो लालभडक होतो आणि आपण घाबरतो. ती हळद आहे, खार लागला की लाल होते. घासत बसू नका. धुवून ओलंच कडक उन्हात टाका. दोन दुपारी गेल्या की डाग कुठे होता ते सापडत नाही. उन्हासारखं ब्लीच नाही.

मावशींची_मुलगी | ५ मार्च, दुपारी १:३०

सगळे बाळाबद्दल बोलतायत, आणि ते बरोबरच. मला आणखी एकीबद्दल लिहायचंय. माझी आई पाच घरची धुणी-भांडी करायची. संध्याकाळी घरी आली की बोटांच्या पेरांना चिरा, अंगठ्याची कातडी सोललेली. रात्री तूप लावून, कापडात हात बांधून झोपायची. पोळी लाटताना मिठाचा हात लागला की तोंडातून 'स्स' निघायचं. एका घरच्या आजींनी रिठ्याचं पाणी आणि राख सुरू केली, तर आई म्हणायची त्यांच्याकडचं काम शेवटी ठेवते, हाताला बरं वाटतं.

घरात काय वापरायचं ठरवाल ते जिच्या हाताने वापरणार तिलाही विचारा. फेस कमी येतो म्हणून ती दुप्पट घासत असेल तर तेही बघा. ॲसिड तर कोणाच्याच हातात देऊ नका.

ओवीची_आई | ५ मार्च, दुपारी २:१०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आमच्या मावशींना आजच विचारते.

अमित_नागपूर | ५ मार्च, दुपारी २:२५

या धाग्यावर इतकं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

ओवीची_आई | १९ एप्रिल, सकाळी १०:२०

दीड महिन्याने परत आले. काय टिकलं, काय सुटलं ते सांगते.

फिनेल घराबाहेर. फरशी रोज गरम पाण्याने, एक दिवसाआड बादलीत चमचाभर रिठ्याचं पाणी, वर साध्या पाण्याचा हात. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "फेस नसला तरी चालतंय, पण ते फिनेल माझ्या डोळ्यांना लागायचं." तीन वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. भांड्यांना त्यांना रिठा नको वाटतो, तेलकट राहतात म्हणाल्या. म्हणून तिथे बाजारचा साबणच, सोबत रबरी हातमोजे आणले. पहिल्या दिवशी नको म्हणाल्या, आता स्वतःच मागतात.

कपडे सगळे रिठ्यात, गोठवलेले खडे फार सोयीचे. मांडीचं पुरळ दोन आठवड्यांत गेलं. रिठ्यामुळे, साका गेल्यामुळे की डॉक्टरांनी दिलेल्या मलमामुळे, ते नक्की सांगता येणार नाही, पण गेलं. हळदीचे डाग उन्हात खरंच उडतात! नळ लिंबूसत्त्वाने नवे दिसतात. बायोएन्झाइम बाल्कनीत तयार होतंय, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात, चिठ्ठी लावून, उंच फळीवर. ओटा तसाच आहे, खोबरेल चालू.

आणि काकू, रिठ्याच्या बियांचा डबाभर साठा झालाय. फेकवत नाहीत. काय करू?

सुगंधाकाकू_वाई | १९ एप्रिल, दुपारी १२:००

ओवीच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव आधी. बी फार कठीण असते, कोमट पाण्यात दिवसभर भिजवून पिशवीत माती भरून पेर. पाऊस पडला की सोसायटीच्या कडेला मोकळ्या जागी लाव, कुंडीत नको, मोठा वृक्ष होतो. फळं यायला बरीच वर्षं लागतात.

बिंबल | १९ एप्रिल, दुपारी १२:४०

दोन बिया मलाही टपालाने पाठवा. बदल्यात बिंबलाचं रोप.